एका मोटारीचा जीर्णोद्धार

गेल्या पावसाळ्यांत दहाव्या इयत्तेस घर्षणाचा धडा शिकवून मी वर्गाबाहेर पडत होतों, तोंच एका विद्यार्थ्यानें मला अडविलें आणि एका मोटारगाडीचें चित्र पुढें केलें. गाडी अमेरिकन होती. १९६९ सालची शेव्हरोले कॅमॅरो. पुढचें नाक लांब, मागची बाजू आंखूड, निळ्या रंगावर दोन रुंद पांढरे पट्टे, आणि उभी अशी कीं जणूं आतांच झेप घेईल. चित्राखालीं लिहिलेलें होतें कीं, या गाडीचा पत्रा तेवढा जुना असून इंजिन, गिअर, ब्रेक, टायर हें सर्व अलीकडच्या बनावटीचें आहे. मुलानें विचारलें, "सर, मग ही गाडी जुनी म्हणावयाची कीं नवी?" मी उत्तर जुळवीत आहें तोंच त्याचा दुसरा प्रश्न आला, "आणि आपल्या मोटारसायकलीला असें कांहीं करतां येतें का?" इतक्यांत पुढच्या तासाची घंटा झाली व मी सुटलों. तें राहिलेलें उत्तर येथें देत आहें. पहिला प्रश्न विद्यार्थ्यांच्या कुतूहलाचा आहे. दुसऱ्याकडे पालकांनींही लक्ष द्यावें, अशी विनंति आहे.

प्रथम या गाड्यांचें कूळ सांगितलें पाहिजे. अमेरिकेंत त्यांना 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. आपण 'पहिलवानी गाडी' म्हटलें तर अर्थ बराचसा उतरतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास व त्यानंतर जन्मलेलीं मुलें १९६० नंतरच्या दशकांत गाडी चालविण्याच्या वयाचीं झालीं. त्यांच्या खिशांत पैसा बेताचा, पण अंगांत उत्साह अमाप. हें हेरून जनरल मोटर्स कंपनीच्या पाँटिअॅक शाखेंतील जॉन डीलोरियन व त्याचे सहकारी यांनीं १९६४ च्या गाड्यांसाठीं एक युक्ति काढली. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घन इंचांहून मोठें इंजिन घालूं नये, असा त्या कंपनीचा दंडक होता. या मंडळींनीं टेंपेस्ट नांवाच्या मध्यम गाडींत मोठ्या गाडीचें ३८९ घन इंचांचें इंजिन बसविलें आणि तें स्वतंत्र गाडी म्हणून न विकतां, गिऱ्हाइकानें मागितल्यास मिळणारी 'जादा सोय' म्हणून विक्रीस ठेविलें. दंडक गाडीविषयीं होता, जादा सोयीविषयीं नव्हता! तिचें नांव जी. टी. ओ. असें ठेविलें, हीं अक्षरेंही इटलींतील फेरारी कंपनीच्या शर्यतीच्या गाडीवरून उचललेलीं. पहिल्याच वर्षीं अशा बत्तीस हजारांवर गाड्या खपल्या. इतका खप झाल्यावर वरिष्ठ रागावणार तरी कोणावर?

येथें 'घन इंच' हा शब्द आला म्हणून सांगतों. इंजिनाच्या सिलिंडरांत दट्ट्या खालीं-वर होतांना जेवढी जागा व्यापतो, तिची सर्व सिलिंडरांची मिळून बेरीज म्हणजे इंजिनाचें आकारमान. ३८९ घन इंच म्हणजे सुमारें ६.४ लिटर. आपल्या रस्त्यांवरील कित्येक लहान मोटारींचें इंजिन एक लिटराच्या आसपास असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या पहिलवानाच्या खुराकाची कल्पना येईल.

दरम्यान १९६४ च्या एप्रिलमध्यें फोर्ड कंपनीनें मस्टँग ही गाडी बाहेर काढली आणि तिच्यावर तरुणांच्या उड्या पडल्या. तिला उत्तर म्हणून जनरल मोटर्सनें १९६६ च्या सप्टेंबरांत कॅमॅरो आणली. काटेकोर बोलणारे लोक या दोघींना मसल कार न म्हणतां निराळ्या, किंचित् लहान जातींत घालतात. परंतु मोठें इंजिन पोटांत घातल्यावर जातीचा हा भेद रस्त्यावर फारसा उरत नसे. १९६९ च्या कॅमॅरोंत सहा सिलिंडरांच्या गरीब इंजिनापासून ३९६ घन इंचांच्या आठ सिलिंडरी इंजिनापर्यंत नाना प्रकार मिळत. त्या एका सालच्या २,४३,०८५ गाड्या निघाल्या. हा आंकडा ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम आहे. शेव्हरोले हें नांव आपल्याकडील जुन्या पिढीस परकें नव्हतें. याच कंपनीनें १९२८ सालीं मुंबईस शिवडी येथें त्या गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. कॅमॅरो निघाली त्याच्या कितीतरी आधींच तो बंद पडला होता.

आतां या गाड्यांत खोट कोठें होती तें पाहूं. त्यांच्या जन्मकथेंतच ती सांपडते. मोठ्या गाडीचें इंजिन उचलून लहान गाडींत घातलें. पण वाढलें तें इंजिन. ब्रेक, टायर, कमानपाटे आणि सुकाणूची यंत्रणा हीं पुष्कळ अंशीं मूळच्या साध्या गाडीचींच राहिलीं. १९६९ च्या साध्या कॅमॅरोस चारी चाकांना ड्रमचे ब्रेक असत. पुढच्या चाकांना चकतीचे ब्रेक हवे असल्यास निराळे पैसे मोजावे लागत. अधिक शक्तीच्या कांहीं प्रकारांना पुढें चकत्या दिलेल्या असत, पण मागें पुन्हां ड्रमच.

माझ्या विद्यार्थ्यांना गतिज ऊर्जेचें सूत्र पाठ आहे: वस्तुमानाचें अर्ध गुणिलें वेगाचा वर्ग. परंतु तें सूत्र परीक्षेनंतर फळ्यावरच राहतें, म्हणून येथें रस्त्यावर आणतों. गति दुप्पट झाली कीं थांबविण्याचा भार दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. तिप्पट झाली कीं नऊपट. दीड हजार किलोग्राम वजनाची गाडी ताशीं १०० किलोमीटर वेगानें जात असतां तिच्या ठायीं सुमारें ५,८०,००० ज्यूल ऊर्जा असते. ब्रेक म्हणजे या ऊर्जेची उष्णता करून ती हवेंत सोडून देणारें यंत्र. त्याहून निराळी कोणतीही किमया त्यांत नाहीं. ही उष्णता किती, तर साध्या तपमानाचें सुमारें दोन लिटर पाणी उकळीस येईल इतकी. तीच गाडी ताशीं १५० किलोमीटरनें जात असेल तर जवळजवळ साडेचार लिटर! आणि हें एकदांच थांबण्याचें झालें. घाटाच्या उतारावर वळणावळणाला ब्रेक दाबणाऱ्या गाडीनें किती घागरी उकळल्या, याचा हिशेब वाचकांनींच करावा.

ड्रमच्या ब्रेकांत ही उष्णता कोंडली जाते. चाकाबरोबर फिरणारें एक लोखंडी पातेलें असतें, त्याच्या आंतून दोन अर्धगोल पट्ट्या बाहेरच्या बाजूस दाबल्या जातात. पातेलें तापलें कीं तें प्रसरण पावतें, म्हणजे पट्ट्यांपासून दूर जातें. शिवाय तापलेलें लायनर नेहमींसारखें धरीत नाहीं. चालक पाय दाबतो, पाय खोल जातो, आणि गाडी मात्र पुढेंच जात राहते. चकतीचा ब्रेक याच्या उलट आहे. चाकाबरोबर फिरणारी उघडी चकती, तिला दोन्हीं अंगांनीं चिमट्यासारखे धरणारे ठोकळे. वारा सरळ चकतीवर लागतो. आणि चकती तापून फुगली तरी ठोकळ्यांच्या दिशेनेंच फुगते, दूर जात नाहीं. भौतिकशास्त्राचा तोच नियम एका रचनेंत शत्रु, तर दुसरींत मित्र! मला स्वतःला यंत्रशास्त्रांतील अशा गोष्टींचें फार कौतुक वाटतें, म्हणून थोडें लांबण लागलें.

आणखी एक गोष्ट. १९६४ च्या त्या पहिल्या जी. टी. ओ. मध्यें चारी ब्रेकांना तेलाचा एकच मार्ग होता. कोठेंही गळती लागली कीं चारही निकामी. अमेरिकन गाड्यांत पुढचे व मागचे ब्रेक स्वतंत्र मार्गांचे झाले ते साधारण १९६७ च्या गाड्यांपासून. त्यापूर्वीं १९६५ सालीं राल्फ नेडर या तरुण वकिलानें मोटार कंपन्यांच्या निष्काळजीपणावर एक पुस्तक लिहून खळबळ उडवून दिली होती, आणि १९६६ सालीं अमेरिकन काँग्रेसनें वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा केला होता.

या पहिलवानांचा आखाडा फार दिवस चालला नाहीं. तरुण चालक आणि मोठें इंजिन ही जोडी पाहून विमा कंपन्यांनीं हप्ते जबर वाढविले. १९७० सालीं हवेच्या शुद्धतेसंबंधीं कडक कायदा झाला. त्या काळीं पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग मिसळीत, म्हणजे इंजिनांत पेट्रोलचा अवेळीं भडका उडून ठोके बसत नसत. तें शिसें धुरांतून मुलांच्या फुफ्फुसांत जाई. शिशाविना पेट्रोल वापरावयाचें तर इंजिनांतील दाब कमी करणें भाग होतें, आणि दाब कमी म्हणजे शक्ति कमी. पुढें १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं अमेरिकेस तेल देणें थांबविलें आणि पेट्रोलच्या पंपांपुढें रांगा लागल्या. सहा लिटरांचें इंजिन मग कोणास हवें! हीं धुडें स्वस्तांत विकलीं गेलीं, परसांत गंजत पडलीं, आणि कित्येक मोडींत गेलीं.

ज्या मुलांना तारुण्यांत ती गाडी घेणें परवडलें नव्हतें, तीं पुढें मिळवतीं झालीं आणि परसांतील गाड्यांचा शोध घेऊं लागलीं. येथून आपल्या मूळ विषयास आरंभ होतो.

जुनी गाडी पुन्हां उभी करण्याचे दोन पंथ आहेत. पहिला पंथ शुद्ध जीर्णोद्धाराचा. गाडी ज्या दिवशीं कारखान्याच्या दारांतून बाहेर पडली त्या दिवशीं जशी होती तशीच करावयाची. बोल्टाचें डोकेंही त्याच खुणेचें हवें. तपासनिसानें कारखान्यांत खडूनें केलेली खूणसुद्धां हे लोक पुन्हां काढतात, आणि रंगाऱ्याच्या हातून कोठें रंगाचे शिंतोडे उडालेले असतील तर तेही तसेच उडवितात! दुसऱ्या पंथानें बाह्य रूप जुनें ठेवून आंतील यंत्रणा नवी करावयाची. 'रेस्टोरेशन' आणि 'मॉडिफिकेशन' या दोन शब्दांचीं मस्तकें जोडून अमेरिकनांनीं त्यास 'रेस्टोमॉड' असें नांव दिलें आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या चित्रांतील गाडी या दुसऱ्या पंथाची.

तिचें काम कसें चालतें तें क्रमानें पाहूं. प्रथम गाडी पुरी उघडतात आणि सर्व रंग काढून पत्रा उघडा करतात. मग खरें संकट दिसतें: गंज. अमेरिकेच्या उत्तर भागांत हिवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळावें म्हणून मीठ टाकतात, आणि त्या मिठाच्या पाण्यानें गाडीचें पोट खाल्लें जातें. कोंकणांत खाऱ्या वाऱ्यानें खिडक्यांच्या गजांची काय अवस्था होते हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस निराळें सांगणें नको. सामानाच्या कप्प्याचा तळ, मागच्या चाकांवरील पत्रा, पुढच्या कांचेखालचा भाग येथें हात लावला तर पापड मोडावा तसा पत्रा मोडतो. तो कापून नवा पत्रा सांधावा लागतो. हें काम डोळ्यांत भरत नाहीं, चित्रांत तर दिसतच नाहीं. पण खर्चाचा आणि श्रमाचा मोठा वांटा येथेंच जातो.

त्यानंतर इंजिन. बहुतेक मंडळी शेव्हरोलेच्याच 'एल. एस.' नांवाच्या कुळांतील इंजिन घेतात. हें कूळ १९९७ च्या कॉर्व्हेट गाडींतून प्रथम आलें. २००८ च्या कॉर्व्हेटमध्यें त्यांतील ६.२ लिटरांचें, ४३० अश्वशक्तीचें इंजिन बसविलें. तें पुढें सुटें, पेटींत घालूनही विकूं लागले. गंमत अशी कीं, हें नवें इंजिन जुन्याचें अगदींच परकें नाहीं. शेव्हरोलेनें १९५५ सालीं आठ सिलिंडरांचें एक आटोपशीर इंजिन काढलें होतें. त्यांत शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यबिंदूंमधील अंतर ४.४ इंच होतें. चाळीसांहून अधिक वर्षांनीं नवें इंजिन सर्वस्वीं नव्यानें आखलें, तरी तेवढें अंतर तेंच ठेविलें. म्हणून तें जुन्या गाडीच्या पोटांत फारशी ओढाताण न करितां बसतें. त्याचा सांचा अॅल्युमिनियमचा असल्यानें तें जुन्या लोखंडी इंजिनाहून शंभर पौंडांवर हलकें भरतें. गाडीच्या नाकावरील तेवढें ओझें कमी झालें म्हणजे वळणावर ती शब्द अधिक ऐकते.

जुन्या आणि नव्या अश्वशक्तींची तुलना करितांना मात्र एक फसगत टाळावी. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन एकटें टेबलावर मांडून मापीत. पंखा नाहीं, सायलेन्सर नाहीं, वीज करणारें यंत्र नाहीं. १९७२ पासून सर्व साज चढवून मापूं लागल्या. १९७१ सालीं एकाच इंजिनाचे दोन्हीं आंकडे छापले गेले होते. कॅमॅरोच्या एका प्रकाराचें इंजिन जुन्या मापानें ३३० अश्वशक्तीचें, तर नव्या मापानें २७५ चें ठरलें. अंगरखा काढून केलेलें वजन आणि पोषाखासह केलेलें वजन यांत फरक पडावयाचाच. तेव्हां जुन्या जाहिरातींतील आंकडे वाचतांना मनांतल्या मनांत थोडी काटछाट करावी.

नवें इंजिन शहाणें कसें, तेंही सांगितलें पाहिजे. जुन्यास कार्ब्युरेटर असे. हवा अरुंद नळीच्या गळ्यांतून वेगानें जातांना तेथील दाब उतरतो आणि वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून ओढलें जातें. रचना सुरेख आहे. परंतु छिद्र एकदां ठरलें तें ठरलें. थंडीच्या सकाळीं त्यास पेट्रोल कमी पडतें, आणि समुद्रसपाटीवर जुळविलेली गाडी डेन्व्हरसारख्या मैलभर उंचीच्या शहरीं नेली तर विरळ हवेंत पेट्रोल अधिक होऊन ती काळा धूर ओकूं लागते. नव्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरास पिचकारीसारखें यंत्र असतें. हवा किती आली, ती किती थंड आहे, धुरांत प्राणवायु किती उरला, हें मोजणारे मापक आपापला निरोप एका लहानशा गणकयंत्रास देतात, आणि तें प्रत्येक क्षणीं पेट्रोलचें माप ठरवितें. अवेळीं भडका होऊं लागला तर त्याचा ठोका ऐकणारा कानही इंजिनास बसविलेला असतो. ठोका ऐकतांच ठिणगी किंचित् उशिरा पाडली जाते. म्हणूनच जुन्याहून अधिक दाबाचें असूनही हें इंजिन शिशाविना पेट्रोलवर चालतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. इंजिन बदललें म्हणजे काम संपत नाहीं. तेथून तें सुरू होतें. कार्ब्युरेटरला पांचसहा पौंडांच्या दाबानें पेट्रोल पुरे; पिचकारीच्या इंजिनास दर चौरस इंचास सुमारें अठ्ठावन्न पौंड लागतात. म्हणजे पंप बदलला, नळ्या बदलल्या, आणि पंप टाकींतच बसवावयाचा तर टाकीही बदलली. इंजिन अधिक शक्तीचें, म्हणून रेडिएटर मोठा आणि पंखा विजेचा. विजेचा पंखा, म्हणून ऑल्टरनेटर मोठा. ऑल्टरनेटर मोठा, म्हणून पन्नास वर्षांच्या जुन्या तारा काढून नव्या घालणें आलें. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यास अधिक पीळ सोसावा लागतो, म्हणून तो आणि मागचा आंसही मजबूत हवा. जुन्या कॅमॅरोचा मागचा आंस पाट्यांच्या कमानींवर टेकलेला असे. जोरानें गाडी सोडली कीं त्या कमानी पिळवटत, सुटत, पुन्हां पिळवटत, आणि चाकें रस्त्यावर टणटण उडत. जें चाक रस्त्यावर टेकलेलें नाहीं त्यास दिलेली अश्वशक्ति फुकट. आणि तशा वेळीं ब्रेक लावावा लागला तर तोही फुकट. म्हणून कमानी काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा आणि आंसास जागेवर धरणारे दांडे बसवितात.

इतकेंच नव्हे. कॅमॅरोचा पुढचा सांगाडा निराळा असून तो मुख्य शरीरास बोल्टांनीं जोडलेला असतो. मागें तसा सांगाडा नाहीं. नव्या इंजिनाचा पीळ बसला कीं सर्व गाडी ओल्या टॉवेलासारखी पिळली जाते. म्हणून पुढचा व मागचा भाग जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या तळाशीं सांधतात. मोठ्या चकत्यांचे ब्रेक जुन्या चौदा इंचांच्या चाकांत मावत नाहींत, म्हणून चाकें सतरा-अठरा इंचांचीं होतात. त्या चाकांवर रेडियल टायर येतात, जे वळणावर जुन्या आडव्या धाग्यांच्या टायरांहून रस्ता फार चांगला धरतात. गिअरची पेटी सहा पायऱ्यांची येते. तिच्या एका प्रचलित प्रकारांत सहाव्या पायरीवर चाकांकडील दांडा दोन फेरे घेई तों इंजिन एकच घेतें. त्यामुळें लांबच्या प्रवासांत आवाज कमी, पेट्रोलही कमी. कमरेचा व खांद्याचा असे दोन सुटे पट्टे होते, त्यांच्या जागीं हल्लींचा एकत्र पट्टा येतो.

ही सांखळी मीं मुद्दाम कंटाळा येईपर्यंत सांगितली. कारण कांहीं उतावळे लोक पहिली कडी धरतात आणि बाकीच्या सोडून देतात. इंजिन आज, ब्रेक पुढच्या वर्षीं! ४३० अश्वशक्ति पुढें आणि चारी चाकांना जुनीं पातेलीं मागें, अशी गाडी म्हणजे १९६४ सालची चूक अधिक मोठ्या प्रमाणांत पुन्हां केल्यासारखें आहे. जाणते कारागीर उलट क्रमानें जातात. आधीं ब्रेक, मग टायर व सांगाडा, आणि सर्वांच्या शेवटीं इंजिन. इतकें करूनही एक गोष्ट राहतेच. हल्लींच्या गाडीचें नाक धडकेंत ठरल्याप्रमाणें चुरगळतें आणि आघात स्वतः गिळून माणसें बसतात ती जागा वांचवितें. ती रचना गाडी आखतांनाच करावी लागते. जुन्या पत्र्यांत ती मागाहून घालतां येत नाहीं. चित्रांतील निळी गाडी थांबण्यांत आजची असली, तरी आदळण्यांत १९६९ चीच आहे.

शुद्ध जीर्णोद्धारवाल्यांना हा सर्व प्रकार पाप वाटतो. त्यांच्या मतें गाडी म्हणजे ऐतिहासिक कागद. त्यावर नवी अक्षरें लिहूं नयेत. कारखान्यांत इंजिनाच्या अंगावर गाडीच्या क्रमांकाचीं अक्षरें ठोकलेलीं असत. तीं आणि गाडीवरील क्रमांक जुळले तरच ते तिला खरी मानतात, आणि बाजारांत तशा गाडीस किंमतही भारी येते. माझें मत विचाराल तर दोन्हीं पक्ष निरनिराळ्या गाड्यांविषयीं बोलत असतात. १९६९ सालींच कॅमॅरोचा झेड. एल. १ नांवाचा एक प्रकार निघाला, ४२७ घन इंचांच्या अॅल्युमिनियम इंजिनाचा. तशा गाड्या अवघ्या ६९ झाल्या. त्यांतील एखादी कापणारा माणूस ताम्रपट वितळवून घागर करणारा समजावा. पण वर सांगितलेल्या २,४३,०८५ गाड्यांपैकीं सहा सिलिंडरांची, इंजिन हरवलेली, गंजलेली एखादी कोणी नव्यानें चालती केली, तर इतिहासाचें काय बिघडलें? ती तशीच राहती तर भंगारांत गेली असती.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आतां थोडक्यांत देतां येईल. आपल्या देशांत १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणींत दाखल असलेल्या मूळ रचनेहून निराळा होईल असा बदल वाहनांत मनास येईल तसा करण्यास मनाई आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही तसाच निर्णय दिला. अपघातानंतर विमा कंपनी अशा बदलावर बोट ठेवून भरपाई नाकारूं शकते, हेंही पालकांनीं जाणून असावें. कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी सूत्र तेंच आहे. सायलेन्सर काढल्यानें आवाज वाढतो, शक्ति वाढतेच असें नाहीं; आणि ती वाढलीच तर वेगाच्या वर्गाचा हिशेब ब्रेकांकडे जातो. माझ्या विद्यार्थ्यास हें सांगितल्यावर त्यानें किंचित् तोंड वांकडें केलें. पण दुसऱ्या दिवशीं आपल्या काकांच्या मोटारसायकलीच्या मागच्या ड्रमचा व्यास मोजून त्यानें मला आणून दाखविला, हेंही नमूद केलें पाहिजे.

राहिला पहिला प्रश्न: गाडी जुनी कीं नवी? जगन्नाथपुरीस रथ दरवर्षीं नव्या लांकडाचे करतात, तरी नांवें तींच राहतात आणि कोणी त्यांस नवे रथ म्हणत नाहीं. आजीच्या गोधडीचें एकेक ठिगळ बदलत गेलें तरी ती आजीचीच. अमेरिकेंत तर १९६९ च्या कॅमॅरोचें संपूर्ण शरीर नव्या पत्र्याचें करून विकणारे लोकही आहेत. त्यांत नवें इंजिन घातलें तर जुनें असें कांहींच उरत नाहीं, आणि तशा गाडीस १९६९ ची म्हणणें मला धाडसाचें वाटतें. पण चित्रांतल्यासारख्या गाडींत एक वस्तु अशी असते, जिला कोणताही कारागीर हात लावीत नाहीं. लावणें हा तिकडे गुन्हाच आहे. पुढच्या कांचेंतून चालकाच्या बाजूस खालीं पाहिलें कीं एक बोटभर लांबीची धातूची पट्टी दिसते. तिजवर तेरा अक्षरें. पहिला १ म्हणजे शेव्हरोले; २४ म्हणजे आठ सिलिंडरांची कॅमॅरो; ३७ म्हणजे दोन दारांची बंद गाडी; ९ म्हणजे सन १९६९; त्यानंतर एन हें अक्षर असेल तर ओहायो संस्थानांतील नॉरवुडचा कारखाना, आणि शेवटचे सहा आंकडे तिच्या स्वतःच्या क्रमांकाचे. नॉरवुडचा तो कारखाना १९८७ सालीं बंद झाला. पट्टी मात्र आपल्या जागीं आहे, आणि तिच्या पुढ्यांत, पांच फूट अंतरावर, तिच्याहून जवळजवळ चाळीस वर्षांनीं धाकटें इंजिन चालूं आहे.